तिबेटी चित्रित संदुका व त्यांवरील रक्षाचिन्हें : एक परीक्षण

तिबेटांतील जुन्या चित्रित लांकडी सामानाविषयीं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत बरेंच लिहिलें गेलें आहे. रॉबर्ट बीर यांचा तिबेटी चिन्हांचा कोश १९९९ सालीं निघाला. पॅसाडेना येथील पॅसिफिक एशिया म्यूझियमनें २००४ सालीं अशा सामानाचें प्रदर्शन भरविलें व त्याचा सचित्र ग्रंथ काढला. पुढल्याच वर्षीं ख्रिस बकली यांचें केवळ याच विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. यापूर्वीं तिबेटची कला म्हणजे पटचित्रें व धातूच्या मूर्ति, एवढेंच समजण्याची रीत होती. संदूक, कपाट, चौरंग यांस फारसें कोणी विचारीत नसे. ही उणीव दूर झाली हें चांगलेंच झालें. परंतु या ग्रंथांच्या पाठोपाठ व्यापाऱ्यांच्या विक्रीयाद्या आल्या, आणि त्यांतून या चित्रांच्या वाचनाची एक पद्धति रूढ होऊन बसली. तिचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय दूरदेशींचा वाटेल. पण खुलताबादेस राहणारास तो तितका दूरचा नाहीं. येथील घाट उतरला कीं वेरूळचीं लेणीं लागतात, आणि या चिन्हांचें व्याकरण समजून घेण्यास जो पुरावा लागतो त्याचा मोठा भाग तेथें दगडांत उभा आहे. पोथ्या जमविणाऱ्यांचें हिताहितहि यांत गुंतलेलें आहे. तें ओघानें येईलच.

ज्यांनीं असें सामान पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं त्याचें थोडें वर्णन अवश्य आहे. तिबेटी भाषेंत संदुकीस ‘गम’ म्हणतात. ही बहुधा सरल-देवदार जातीच्या हलक्या लांकडाची, वरून झांकण असलेली लांबट पेटी असते. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या किंवा चामड्याच्या वाद्या मारलेल्या. याखेरीज पुढून दारें असलेलीं कपाटें, आणि मांडी घालून बसणाऱ्यापुढें ठेवण्याचे ठेंगणे, घडी होणारे चौरंग, हे मुख्य प्रकार. कपाटांत ‘तोरगम’ नांवाचा एक विशेष प्रकार आहे, त्याकडे पुढें वळूं. रंगकाम बहुतेक दर्शनी बाजूसच असतें. इतर फळ्या कोऱ्या, नाहींतर तांबड्या रंगाचा एक हात दिलेल्या. कारण उघड आहे. या पेट्या भिंतीला लावून ओळीनें मांडीत. जी बाजू दिसे तीच रंगवीत. पुष्कळदां दर्शनी फळीवर आधीं कापड चिकटवून त्यावर खडू व सरस यांचा लेप देत, म्हणजे पटचित्राची भूमि सिद्ध करण्याचीच रीत. मग खनिज रंग, आणि शेवटीं रोगण. हें रोगण काळांतरानें काळवंडतें, म्हणून मूळचा निळा हिरवट दिसतो आणि पांढरा मधासारखा. कोठें कोठें लेपाचीच नक्षी उठावाची करून तीवर सोनें चढविलेलें आढळतें.

आतां वाचनपद्धतीकडे वळूं. विक्रीयाद्यांतून या चित्रांचें जें विवरण येतें तें शब्दकोशासारखें असतें. व्याघ्र दिसला कीं पराक्रम, मत्स्ययुगुल दिसलें कीं भयमुक्ति, कवटी दिसली कीं दुष्ट शक्तींस धाक. आणि या सर्वांची बेरीज करून ही वस्तु धन्याच्या घराचें रक्षण करते, असा निष्कर्ष. यांत बीर यांचा दोष नाहीं. ते स्वतः चित्रकार आहेत. चित्रकाराला हवी तशी एकेका चिन्हाची घडण व पूर्वपीठिका त्यांनीं परिश्रमानें दिली आहे. दोष आहे तो कोशालाच टीका समजणाऱ्यांचा. अमरकोश पाठ असला म्हणजे रघुवंश लागतो असें नाहीं, हें संस्कृत शिकविलेल्या कोणासहि ठाऊक आहे. पदाला अर्थ असतो, पण तो विभक्तीनें व अन्वयानें निश्चित होतो. चित्रांतील चिन्हाची विभक्ति म्हणजे त्याचें स्थान: तें दारावर आहे कीं आंत, मध्यभागीं आहे कीं कडेस, कोणाच्या डोक्यावर आहे कीं पायाखालीं. स्थान सोडून केलेलें वाचन हें विभक्ति सोडून केलेल्या अन्वयासारखें असतें. त्यांतून वाटेल तो अर्थ निघतो, म्हणूनच तें विकणाऱ्यास सोयीचें पडतें.

‘रक्षण’ हा शब्दहि फार सैलपणें वापरला जात आहे. आपल्या परंपरेंत मंगल आणि रक्षा या दोन भिन्न वस्तु आहेत. मंगल बोलावितें, रक्षा अडविते. दारावरचें आंब्याच्या पानांचें तोरण मंगल होय. तान्ह्या मुलाच्या गालावरची तीट ही रक्षा होय. दोन्ही एकाच घरांत, एकाच दिवशीं असतात, परंतु कोणी आजी त्यांची गल्लत करीत नाहीं. तिबेटी संदुकांवर आढळणारीं छत्र, मत्स्ययुगुल, निधिकलश, पद्म, शंख, अनंतग्रंथि, ध्वज व चक्र हीं आठ चिन्हें नांवाप्रमाणेंच अष्टमंगलें आहेत. जैनांचीहि अष्टमंगलें आहेत, त्यांची यादी थोडी निराळी. त्यांस पहारेकरी म्हणण्याचें कोणा जैनाच्या मनांतहि येत नाहीं. मग तींच चिन्हें हिमालय ओलांडून जातांच एकाएकीं चोर-भुतांना अडवूं लागतात, असें मानण्यास आधार काय? आणि मंगल व रक्षा यांखेरीज तिसरा एक वर्ग आहे, तो म्हणजे बलि. तोरगमाविषयींचा सारा घोटाळा हा वर्ग न ओळखल्यामुळें झाला आहे.

तोरगम म्हणजे तोर्म्याची पेटी. तोर्मा हा भाजलेल्या सातूचें पीठ व लोणी यांना आकार देऊन केलेला, देवतेस वाहण्याचा पिंड. संस्कृतांतील ‘बलि’ या शब्दाचें हें तिबेटी भाषांतर आहे. नवव्या शतकाच्या आरंभीं तिबेटी राजांच्या आश्रयानें ‘महाव्युत्पत्ति’ नामक संस्कृत-तिबेटी पारिभाषिक कोश सिद्ध झाला, आणि तेव्हांपासून भाषांतराची शिस्त इतकी कडक राहिली कीं, पुष्कळ ठिकाणीं तिबेटी शब्दावरून मूळचें संस्कृत पद सांगतां येतें. हीं कपाटें मठाच्या ‘गोनखंग’ नामक काळोख्या दालनांत ठेवीत. ‘गोन्पो’ म्हणजे नाथ आणि ‘खंग’ म्हणजे घर. तेव्हां हें नाथांचें, म्हणजे महाकालादि धर्मपालांचें घर झालें. या कपाटांचीं दारें काळ्या भूमीवर सोनेरी व तांबड्या रेषांनीं रंगविलेलीं असतात: सोललेलीं कातडीं, कवट्यांच्या माळा, आंतडीं, उपटलेले डोळे, हृदयें, आणि कपालांत उकळणारें रक्त. पाहणारा दचकतो, आणि विक्रीयादी लिहिणारा लिहून मोकळा होतो कीं, भुतांना भिवविण्यासाठीं हें काढलें आहे.

तिबेटी परंपरेंत या चित्रसमूहास ‘ग्येनत्सोक’ म्हणतात. ‘ग्येन’ म्हणजे अलंकार व ‘त्सोक’ म्हणजे समुदाय. अशा चित्राकडे शांतपणें पाहिलें असतां ध्यानांत येतें कीं, त्यांत देवता काढलेलीच नाहीं. तिचीं वस्त्रें, आयुधें, माळा, तिचे पशु आणि तिचा नैवेद्य हीं जागच्या जागीं टांगलेलीं आहेत. अंगावर घालणारा तेवढा अदृश्य. भय दाखविण्याचा हेतु असता तर चित्रकारानें देवतेचें उग्र मुख सोडलें नसतें, कारण त्याहून भयंकर तिच्यापाशीं दुसरें कांहीं नाहीं. तें मुख सोडून बाकी सर्व काढलें, याचा अर्थ हीं उपहारद्रव्यें आहेत. उग्र देवतेस उग्र उपहार, इतकाच नियम. कपाटाच्या आंत पिठाचा बलि, बाहेर दारावर रंगाचा बलि. तेथील दारास पहारेकरी म्हणण्यापेक्षां नैवेद्याचें ताट म्हणणें अधिक शोभेल.

मग यांत रक्षण कोठेंच नाहीं काय? आहे, पण तें चित्रांत नसून व्यवहारांत आहे. या धर्मपालांपैकीं पुष्कळांस तिबेटी लोक ‘दमचेन’, म्हणजे शपथेनें बांधलेले, असें म्हणतात. पद्मसंभवानें आठव्या शतकांत त्यांना जिंकून धर्माच्या रक्षणाची शपथ घातली, अशी त्यांची कथा आहे. शपथ दोन्ही बाजूंची असते. देवतेनें राखावें आणि मठानें बलि चुकवूं नये. आपल्याकडे गांवशिवेवरच्या म्हसोबाचा मान ठरलेला असतो, आणि तो चुकला तर म्हसोबा गांव राखण्याऐवजीं गांवाच्याच मागें लागतो, असें जुनीं माणसें सांगतात. तोरगमाचें रक्षण हें याच जातीचें. तें रिकामें करून, पुसून, दूरच्या शहरांतील एखाद्या उपाहारगृहांत दर्शनी ठेवलें तर तें त्याच्याच न्यायानें कोणाचेंहि रक्षण करीत नाहीं. उलट, बलि थांबला आहे आणि दारावर मात्र आमंत्रण तसेंच आहे, अशी ती अवघडलेली स्थिति होय. ज्या कोणी हें घरांत आणावें असा उपदेश विक्रीयाद्या करितात, त्यांनीं एखाद्या वृद्ध लामास एकवार विचारून पाहावें.

स्थानावरून अर्थ ठरतो हा आम्हीं नवा काढलेला तर्क नव्हे. तिबेटी भिक्षुसंघ मूलसर्वास्तिवाद्यांचा विनय पाळतो, आणि त्या विनयांतच हा नियम लिहिलेला आहे. क्षुद्रकवस्तूंत अनाथपिंडद विहार रंगविण्याविषयीं विचारतो, तेव्हां कोठें काय काढावें हें त्यास सांगितलें जातें. चिनी यात्री इत्सिंग यानें आठव्या शतकाच्या आरंभीं केलेल्या भाषांतरांत हा क्रम असा आहे: महाद्वाराच्या फळ्यांवर हातीं दंड घेतलेला यक्ष, त्याच्या एका बाजूस बुद्धाचें ऋद्धिप्रातिहार्य व दुसऱ्या बाजूस पंचगतींचें संसारचक्र, वळचणीखालीं जातककथा, गंधकुटीच्या दाराशीं माला धरलेला यक्ष, व्याख्यानशाळेंत धर्म सांगणारे स्थविर, भोजनशाळेंत खाद्य घेतलेला यक्ष, कोठीच्या दाराशीं रत्न घेतलेला यक्ष, पाण्याच्या जागीं घट धरलेला नाग, स्नानगृहीं नरकांचीं दृश्यें, रुग्णशाळेंत स्वतः रोग्याची शुश्रूषा करणारा तथागत, शौचकूपाशीं भयंकर प्रेत, आणि भिक्षूच्या खोलींत पांढरीं हाडें व कवटी.

ही यादी आम्हांस फार मोलाची वाटते. यक्ष एकच, परंतु तो चार जागीं उभा आहे आणि चारहि जागीं त्याच्या हातांत निराळी वस्तु आहे. महाद्वारीं त्याच्या हातीं दंड आहे, तेथें तो रक्षक. गंधकुटीशीं माला आहे, तेथें तो पूजक. कोठीच्या दारीं रत्न आहे, तेथें तो दाता किंवा भांडारी. ‘यक्ष म्हणजे रक्षक’ एवढेंच कोशांतून उचलणारास यांतला एकच अर्थ सांपडेल आणि तीन हुकतील. कवटीचेंहि तसेंच. भिक्षूच्या खोलींत ती कोणाला भिववीत नाहीं. तेथें ती अनित्यतेच्या चिंतनाचें साधन आहे. तीच कवटी गोनखंगांत उपहार होते, आणि कापालिक देवतेच्या कंठीं अलंकार. आमच्या मतें कोठीच्या दारचा रत्नधारी यक्ष हा तिबेटी संदुकीच्या चित्रकामाचा जवळचा पूर्वज आहे, कारण संदूक ही लहान कोठीच होय. तिच्या दर्शनी फळीवर मधोमध ज्वाळांनीं वेढलेलीं रत्नें वारंवार आढळतात, ती यक्षाच्या हातांतील वस्तूच यक्षावांचून उरलेली असावी. त्या रत्नांचा हेतु चोर अडविणें हा नाहीं. कोठी भरलेली राहावी हा आहे.

विनयांतील ही मांडणी केवळ ग्रंथांत राहिली नाहीं, याचा पुरावा आपल्याच भागांत आहे. संसारचक्र द्वारकोष्ठांत काढावें असें दिव्यावदानांतहि सांगितलें आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत तें ओसरीच्या डाव्या भिंतीवर काढलेलें आहे, आणि तिबेटी मठांतून आजहि तें मंडपाच्या प्रवेशीं काढतात. औरंगाबादच्या सातव्या लेण्यांत अग्नि, चोर, सर्प, गज, सिंह, नौकाभंग इत्यादि अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे, तो द्वाराच्या बाजूस. भयें बाहेर असतात, म्हणून भयहर्ताहि बाहेर. हें शिल्प जर कोणी उचलून गर्भगृहांत नेलें तर त्याचा अर्थच फिरेल.

वेरूळच्या सहाव्या लेण्यांतील महामायूरीकडे पोथीसंग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें. कित्येकांनीं तिला सरस्वती म्हटलें, तें जवळच्या मोरामुळें व खालच्या पोथीमुळें. वस्तुतः ही सर्पविषादि भयांपासून तारणारी विद्याराज्ञी आहे. गर्भगृहापुढील अंतराळांत ती उभी असून, पायाशीं एक पंडित पोथी वाचीत बसला आहे. हा वाचक शोभेसाठीं घातलेला नाहीं. महामायूरी ही आधीं धारणी आहे आणि मग देवता. तिचें रक्षण पठणानें होतें, आणि पठणास पोथी लागते. नेपाळांत पंचरक्षेच्या ज्या असंख्य सचित्र पोथ्या लिहिल्या गेल्या त्यांत महामायूरी एक आहे. मध्य आशियांतील कुचा येथें १८९० सालीं हॅमिल्टन बॉवर याच्या हातीं लागलेल्या भूर्जपत्रांच्या पोथींतहि महामायूरीचा सर्पमंत्र असून, तो यशोमित्र नांवाच्या एका मनुष्याच्या रक्षणार्थ लिहिला आहे. अर्थात् पोथी ही ज्ञानाचें साधन असतांच रक्षेची वस्तूहि होती. ती कोणत्या फळ्यांत, कोणत्या वस्त्रांत व कोणत्या पेटींत ठेवीत हा प्रश्न त्यामुळें गौण राहत नाहीं.

बाराव्या लेण्यांत, ज्यास तीन ताल म्हणतात, ही रचना पूर्ण विस्तारानें दिसते. तेथील भिंतींवर नऊ घरांचे चौरस पट कोरलेले आहेत: मध्यें बुद्ध, भोंवतीं आठ बोधिसत्त्व. गेरी मलांद्रा यांनीं १९९३ सालच्या आपल्या ग्रंथांत हीं मंडलें होत असें दाखवून दिलें, तें आम्हांस मान्य आहे. खड्ग, वज्र, पुस्तक, पद्म हीं तेथें आहेतच. परंतु खड्ग केव्हां मंजुश्रीचें म्हणावें आणि केव्हां इतराचें, याचा निर्णय शेवटीं नऊ घरांतील जागा पाहूनच करावा लागतो. सर्वांत वरच्या तालावर गर्भगृहाच्या अलीकडे बारा देवी ओळीनें बसल्या आहेत. त्या धारणीदेवता मानल्या जातात. म्हणजे आंत बुद्ध व बोधिसत्त्व, उंबऱ्याबाहेर मंत्ररूप रक्षा. तिबेटांत नवव्या शतकाच्या आरंभीं खडकांवर कोरलेलीं वैरोचन व अष्टबोधिसत्त्वांचीं शिल्पें आहेत, तेव्हां ही योजना तिकडेहि त्याच सुमारास पोहोंचली होती. वेरूळचा कोणी कारागीर ल्हासेस गेला असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच शास्त्राच्या दोन शाखा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. शेजारच्या दहाव्या लेण्यास लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणत आले आणि तेथील बुद्धास विश्वकर्मा समजून सुतार त्याच्या दर्शनास येत. त्या लेण्याच्या छताला लांकडी वाशांची हुबेहूब नक्कल दगडांत केलेली आहे. लांकूडकाम आणि लेणेंकाम यांचें नातें त्या सुतारांना आमच्याहून अधिक कळलें होतें.

स्थानानें अर्थ पालटतो याचें उदाहरण खुलताबादेंतच हवें असेल तर भद्रा मारुति पाहावा. गांवोगांवचा मारुति वेशीजवळ उभा असतो आणि गांव राखतो. येथला मारुति गाभाऱ्यांत निजलेला आहे. तोच देव, तोच शेंदूर. पण येथें तो वेशीचा राखणदार नव्हे, स्वतःच क्षेत्रस्वामी आहे. कोशांत दोहोंसहि ‘मारुति’ या एका शब्दाखालीं एकच ओळ मिळेल. येथील दर्ग्यांचीं दारें चांदीच्या पत्र्यांवरील वेलबुट्टीनें मढविलेलीं, आणि त्याच शेख झैनुद्दीनांच्या आवारांत १७०७ सालीं वारलेल्या औरंगजेबाची मूळची कबर उघड्या मातीची. अलंकार कोठें घालावा आणि कोठें घालूं नये हा विवेक सर्वच परंपरांत होता.

संदुकांवरील दोन चिन्हांविषयीं स्वतंत्रपणें लिहिणें अवश्य आहे, कारण तीं खरोखरीच रक्षाचिन्हें आहेत. पहिलें कीर्तिमुख. जालंधराख्यानांत शिवाच्या क्रोधांतून निघालेला जो गण स्वतःचेंच अंग खाऊन केवळ मुखरूपानें उरला, त्यास शिवानें आपल्या द्वारीं जागा दिली, अशी कथा आहे. महाराष्ट्रांतील देवळांच्या उंबऱ्यावर तें असतें व आपण त्यास ओलांडून आंत जातों. तिबेटी संदुकांवर तें वरच्या काठाशीं, तोंडांतून रत्नमाळा सोडीत, तुळईवर असावें तसें काढलेलें आढळतें. एकच मुख आपल्याकडे उंबऱ्यावर पायाशीं आणि तिकडे तुळईवर माथ्याशीं. पण दोन्हीकडे तें सीमेवर आहे. म्हणून त्यास रक्षा म्हणण्यास हरकत नाहीं. दुसरें चिन्ह सांखळीनें वाघ ओढून नेणाऱ्या मोंगल पुरुषाचें. हें मठाच्या प्रवेशाच्या भिंतीवर काढतात, आणि कपाटाच्या दारांवरहि. परंपरेचें विवरण असें कीं, पुरुष तो अवलोकितेश्वर, सांखळी तो वज्रपाणि आणि वाघ तो मंजुश्री. म्हणजे करुणा, बल व प्रज्ञा. हें विवरण मागाहून बसविलेलें वाटतें. मूळ चित्र दारावरच्या शिकाऱ्याचें असावें. पण येथेंहि दार सुटलें नाहीं.

या मतावर एक आक्षेप योग्य रीतीनें घेतां येईल: सर्वच संदुका कांहीं मठांतल्या नव्हत्या. घरगुती पेट्यांवर चिनी किनखापाची नक्कल, गोल बुट्टे, कमळें, सर्पाकृति ड्रॅगन असें पुष्कळ असतें, आणि त्यांस शास्त्रार्थ लावणें हें दुसऱ्या टोकाचें अतिवाचन होईल. हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. किनखापाची नक्कल असलेल्या संदुकीचा अर्थ बहुधा इतकाच कीं, धन्याला किनखाप आवडे आणि तो परवडत नसे. तथापि त्यांतहि एक सूक्ष्म गोष्ट आहे. तिबेटी पोथी फळ्यांत घालून, वस्त्रांत गुंडाळून, पट्ट्यानें आवळून ठेवितात. मूर्तीसहि वस्त्र नेसवितात. मौल्यवान वस्तु उघडी ठेवावयाची नाहीं, हा नियम. किनखाप रंगविलेली पेटी ही जणूं रुमालांत बांधलेली पेटी होय. ज्यांच्या घरीं दप्तरें आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आतां या सामानाच्या नशिबाविषयीं. १९५९ नंतर, आणि विशेषतः १९६६ पासूनच्या दहा वर्षांच्या सांस्कृतिक क्रांतींत, तिबेटांतील मठ मोठ्या प्रमाणांत उद्ध्वस्त झाले. जें लांकूड सरपणांतून व कोठारांतून वांचलें तें साधारण १९८० नंतर काठमांडू व हाँगकाँगच्या बाजारांतून बाहेर पडलें. तेथें दर्शनी फळीस किंमत, मागच्या फळ्यांस नाहीं; म्हणून दारें सुटीं विकलीं गेलीं, फळ्या चित्रांप्रमाणें चौकटींत बसविल्या, दोन मोडक्या कपाटांचें एक करण्यांत आलें. आपण हळहळून बोलावें असें यांत आहे, पण फार उंचावरून बोलूं नये. जुने वाडे पडतात तेव्हां चौकटींच्या गणेशपट्ट्या कापून दिवाणखान्यांत टांगलेल्या आपण पाहतोंच. जो गणेश येणाऱ्याच्या माथ्यावर असावयाचा तो आतां बैठकीमागें, घड्याळाच्या शेजारीं असतो, आणि विचारलें तर उत्तर मिळतें कीं शुभ आहे.

पोथ्यांची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. लेखक पोथीच्या शेवटीं पोथीच्याच तोंडून तेल, पाणी, सैल बंधन आणि मूर्खाचा हात यांपासून वांचविण्याची विनंति करीत असत. त्यांतील बंधनाचें भय आपण स्वतःच खरें केलें. एका संग्रहांत आम्हांस पोथ्या क्रमवार लावलेल्या दाखविण्यांत आल्या. फळ्या, रुमाल व दोऱ्या मात्र एका पोत्यांत एकत्र भरलेल्या होत्या, आणि कोणती फळी कोणत्या पोथीची हें आतां ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. फळीवर गंध-कुंकवाचे थर होते, म्हणजे ती पुजलेली होती. पण कोणता ग्रंथ पुजला जाई हा इतिहासाचा प्रश्न त्या पोत्यांत बुडाला. कायद्यानेंहि यांत भर घातली आहे. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणें हस्तलिखितास पुरातन ठरण्यास ७५ वर्षें पुरतात, इतर वस्तूंस १०० लागतात. त्यामुळें ऐंशी वर्षांची पोथी पुरातन, आणि तिच्याच मापाची, तिच्याचसाठीं केलेली पेटी अद्याप अडगळ.

ज्यांस मांडणी चालूं वापरांत कशी असते हें पाहावयाचें असेल त्यांना ल्हासेस जाण्याचें कारण नाहीं. १९७२ सालीं वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत महाराष्ट्रांतच, पूर्वींच्या भंडारा व आतांच्या गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांवाजवळ आहे. संग्राहकांपाशीं अशी एखादी तिबेटी वस्तु असल्यास तिच्या नोंदींत चिन्हांच्या अर्थाआधीं पुढील गोष्टी लिहाव्यात, अशी आमची सूचना आहे: रंग किती बाजूंस आहे, दार असल्यास त्याच्या टोकांचे लांकडी खुंटे व चौकटींतील भोकें एकमेकांस जुळतात कीं नाहीं, आंतल्या फळीवर लोण्याचा किंवा दिव्याच्या काजळीचा थर आहे काय, आणि वस्तु पुसून स्वच्छ केलेली असल्यास ती कोणी व केव्हां पुसली. पोथीच्या बाबतींत फळ्यांची लांबी-रुंदी पानांच्या मापाशेजारींच लिहावी, आणि रुमाल सोडण्यापूर्वीं गांठ वरच्या फळीवर होती कीं खालच्या, हेंहि टिपून ठेवावें.